पुस्तकविक्रीत एआयकडे कोणते काम सोपवावे?

पत्र : मी बीड जिल्ह्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांना मी आयुष्यभर शिकवले. काही हंगाम साखरशाळेत, म्हणजे कारखान्यावर ऊसतोड मुलांसाठी चालणाऱ्या शाळेतही काढले. दिवाळी आली की माझ्या वर्गातली निम्मी बाके रिकामी व्हायची आणि हजेरीपटावर मी पुढचे पाच महिने तीच तीच नावे गैरहजर मांडायची. त्या मुलांवर मी कादंबरी लिहिली. प्रकाशकांकडून उत्तर आले नाही, म्हणून निवृत्तीच्या पैशांतून स्वतःच एक हजार प्रती छापल्या. पाने २४०, किंमत ३०० रुपये, एका प्रतीचा निर्मितीखर्च ११० रुपये. प्रकाशन समारंभात आणि नातेवाइकांत मिळून २६० प्रती गेल्या. उरलेल्या ७४० माजघरात आहेत. भाच्याने फोनवर चॅटजीपीटी हे एआय ॲप घालून दिले. त्याने विक्रीची तीस दिवसांची योजना आखून दिली, मलपृष्ठासाठी मजकूर लिहिला, जाहिरातीसाठी चित्र काढले आणि एका नामवंत समीक्षकांचा गौरवपर अभिप्रायही दिला. या समीक्षकांनी माझे पुस्तक पाहिलेलेसुद्धा नाही. दुसरीकडे एका संस्थेचा फोन आला. ३५,००० रुपयांत ‘एआय मार्केटिंग’, आयएसबीएन (पुस्तकाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय) क्रमांक आणि शंभर पंचतारांकित अभिप्राय मिळवून देऊ, असे ते म्हणतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता परिचारिका आहे. तिने पुस्तक वाचून दोन पानी पत्र पाठवले, तेवढाच खरा प्रतिसाद. मला लिहिता येते, विकता येत नाही. एआयची मदत घ्यावी का? आणि त्याने लिहिलेले माझ्या नावाने देणे अप्रामाणिकपणाचे नाही का?

उत्तर :

बाई, सप्रेम नमस्कार.

सर्वांत तातडीची गोष्ट आधी सांगतो. समीक्षकांच्या नावाचा तो अभिप्राय आजच पुसून टाका आणि तो कोणाला पाठवला गेला असेल, तर तो खरा नसल्याचे त्यांना स्वतःहून कळवा. एआय एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे, या अंदाजावर मजकूर जुळवत जाते. पुस्तकाच्या जाहिरातीत नामवंतांची पाठराखण असते, हे त्याने असंख्य ठिकाणी पाहिलेले असल्यामुळे ती रिकामी जागा त्याने एका खऱ्या माणसाच्या नावाने भरून टाकली. त्या माणसाने पुस्तक वाचले आहे की नाही, हे तपासण्याची त्याला सोयही नाही आणि गरजही वाटत नाही. पण तो मजकूर पुस्तकावर किंवा जाहिरातीत छापला गेला, की तो तुम्ही केलेला दावा होतो. मराठी ग्रंथव्यवहाराचे वर्तुळ लहान आहे. असा अभिप्राय संबंधितांच्या कानावर गेल्याशिवाय राहत नाही, आणि एकदा का लेखिकेच्या शब्दावरचा विश्वास उडाला, की कादंबरीतल्या खऱ्या गोष्टींकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

त्या जागेसाठी लागणारा मजकूर तुमच्या घरात आलेला आहे. तुमच्या विद्यार्थिनीच्या पत्रातील तीन-चार ओळी तिची लेखी परवानगी घेऊन वापरा. तिचे नाव छापायचे, की ‘कोपीवर वाढलेली एक परिचारिका’ एवढेच म्हणायचे, हे तिच्यावर सोपवा. ऊसतोड कामगारांच्या कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, जिचे बालपण गेले, तिने या पुस्तकाविषयी लिहिलेल्या चार ओळींचे वजन कोणत्याही प्राध्यापकाच्या शिफारशीहून अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या तीस दिवसांच्या योजनेविषयी. तुम्ही तिची प्रत सोबत जोडली, हे बरे केले. रोज टिकटॉकवर एक चित्रफीत, दर आठवड्याला ईमेलने वार्तापत्र, गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर मोफत प्रतींची सोडत, असा तिचा आराखडा आहे. टिकटॉकवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे. ईमेलने येणारे वार्तापत्र वाचण्याची सवय मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना आहे, आणि तुमच्या पुस्तकाचा संभाव्य वाचक गुडरीड्सवर शोधून सापडणार नाही. ही योजना अमेरिकेत इंग्रजी ई-पुस्तके विकणाऱ्या लेखकाला कदाचित उपयोगी पडेल. एआयने वाचलेल्या मजकुरात पुस्तकविक्रीविषयीचे जे साहित्य आहे, त्यातील बहुतांश तिकडचेच असल्यामुळे तुम्ही ‘पुस्तक कसे विकू?’ एवढेच विचारले, तर उत्तर तिकडचे येणार. पुण्याचा अप्पा बळवंत चौक, जिल्ह्याचा ग्रंथोत्सव, साहित्य संमेलनातले ग्रंथप्रदर्शन, दिवाळी अंकांतली परीक्षणे, गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये ही मराठी पुस्तकाची बाजारपेठ तुम्ही नाव घेऊन समोर ठेवल्याखेरीज त्याच्या हिशेबात येत नाही.

म्हणून फोन हातात घेण्याआधी एक कागद घ्या आणि तुमचा वाचक कोण, हे लिहून काढा. तुमचे पत्र वाचून मला तीन प्रकारचे वाचक दिसतात. एक, सार्वजनिक ग्रंथालयातून कादंबऱ्या नेणारा नियमित वाचक. दोन, समाजकार्य आणि शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी व प्राध्यापक, ज्यांना हंगामी स्थलांतराचा विषय अभ्यासाला असतो. तीन, ऊसतोड कुटुंबांत शिकून नोकरीला लागलेली पहिली पिढी, म्हणजे तुमच्याच वर्गातून बाहेर पडलेली मुले. चौथा वाचक मला सुचत नाही, पण तुम्हाला सुचेल. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या ज्या गावांत तुमची माणसे तोडणीला जातात, तिथल्या बागायतदारांच्या घरांतही हे पुस्तक जावे, असे तुम्हाला वाटत असल्यास तेही लिहा. त्यानंतर एआयला साधारण असे सांगा :

“मी मराठी कादंबरीची स्वयंप्रकाशित लेखिका आहे. राहते बीड जिल्ह्यात. ७४० प्रती शिल्लक आहेत. महिन्याला दोन हजार रुपये खर्च करू शकते. भाचा रविवारी दोन तास मदत करतो. माझे वाचक सार्वजनिक ग्रंथालयांत, समाजकार्य महाविद्यालयांत आणि माझ्या माजी विद्यार्थ्यांत आहेत. योजना सुचवण्याआधी तुला कोणती माहिती कमी पडते, ते मला एकेक प्रश्न विचारून घे. पत्ते, फोन क्रमांक, व्यक्तींची नावे, अभिप्राय आणि आकडे स्वतःहून घालू नकोस.”

शेवटच्या दोन वाक्यांनी उत्तराचा दर्जा खूप बदलतो. प्रश्न विचारायला लावले, की तुमची माहिती आत जाते. आणि मनाने भर घालू नकोस असे बजावले, की काल्पनिक मजकूर कमी होतो. तो पूर्णपणे थांबत नाही, म्हणून तपासणी तुमचीच.

मलपृष्ठाच्या मजकुराकडे थोडे बारकाईने पाहू. तुम्हाला मिळालेला मजकूर असा आहे : ‘ही हृदयस्पर्शी कादंबरी वाचकांना संघर्ष, आशा आणि जिद्दीच्या एका अविस्मरणीय प्रवासावर घेऊन जाते. प्रत्येक पान तुमच्या काळजाला स्पर्श करेल.’ हा मजकूर कोणत्याही कादंबरीच्या मागे छापता येईल; त्यात ऊस नाही, कोयता नाही, टोळी नेणारा मुकादम नाही, त्याच्याकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल नाही, शाळा नाही. ग्रंथपाल दिवसाला अशी दहा मलपृष्ठे पाहतात आणि पुस्तक खाली ठेवतात. आता तुमच्या पत्रातले वाक्य घ्या : ‘दिवाळी आली की माझ्या वर्गातली निम्मी बाके रिकामी व्हायची आणि हजेरीपटावर मी पुढचे पाच महिने तीच तीच नावे गैरहजर मांडायची.’ हे तुम्ही विक्रीचा विचार न करता सहज लिहिलेत, आणि तेच मलपृष्ठाचे पहिले वाक्य आहे. त्याखाली कथानायिकेचे वय, तिच्या आईबापांनी मुकादमाकडून घेतलेली उचल आणि त्या वर्षी तिच्यापुढे पडलेला पेच एवढे तीन वाक्यांत सांगितले, की मलपृष्ठ पुरे झाले.

मग एआयचा उपयोग कुठे? तुम्ही लिहिलेला दोनशे शब्दांचा मजकूर त्याला द्या आणि त्याचे शंभर शब्दांचे, चाळीस शब्दांचे आणि व्हॉट्सॲपवर पाठवण्याजोगे दोन ओळींचे रूप करायला सांगा. सोबत ‘नवे विशेषण किंवा नवी माहिती घालू नकोस’ असे बजावा. ग्रंथपाल, प्राध्यापक आणि पुस्तकविक्रेता या पुस्तकाविषयी कोणते आक्षेप घेतील, हे त्याला विचारा. त्या आक्षेपांतून मजकुरात काय राहून गेले, ते कळते. शुद्धलेखनासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका. त्याच्या मराठीत हिंदी वळणाची वाक्ये शिरतात, तुमच्या माणसांच्या तोंडची बोली तो प्रमाण भाषेत ‘सुधारून’ टाकतो, आणि ती सुधारणा तुमच्या कादंबरीचे नुकसान करते.

जाहिरातीचे चित्रही बाजूला ठेवा. त्यात बाईच्या हातात कोयत्याऐवजी दातेरी विळा आहे, मागचा ऊस मक्यासारखा दिसतो आणि शीर्षकातले जोडाक्षर फुटलेले आहे. तुमच्या विषयाचा वाचक ही चूक क्षणात ओळखेल. साखरशाळेचे एखादे जुने छायाचित्र असेल, तर ते वापरा. त्यात मुलांचे चेहरे असतील, तर त्यांची, आता मोठी झालेल्या माणसांची, संमती घ्या.

याच ओघात एक गंभीर सूचना. तुमच्याकडे टिपणवह्या असतील, त्यांत मुलांची आणि त्यांच्या आयांची खरी नावे, आजारपणे, शस्त्रक्रिया, कर्जे यांची नोंद असेल. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. त्या विषयातील एखाद्या बाईची ओळख उघड होणे किती नाजूक असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या वह्यांतील एकही पान एआयमध्ये टाकू नका. कादंबरीचे छापील पान देणे वेगळे आणि कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट देणे वेगळे. चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये आपले संभाषण प्रशिक्षणासाठी वापरले जाऊ नये, असा पर्याय आहे; तो भाच्याकडून लावून घ्या, तरीही वह्या बाहेरच ठेवा.

आता त्या ३५,००० रुपयांचा हिशेब करू. वितरक ४० टक्के सवलत मागतो असे धरले, तर ३०० रुपयांच्या प्रतीचे तुमच्या हाती १८० रुपये येतात. निर्मितीखर्चाचे ११० वजा जाता उरतात ७०. म्हणजे संस्थेला दिलेले पैसे भरून निघण्यासाठीच ५०० प्रती विकाव्या लागतील, आणि तोपर्यंत तुमच्या कष्टाचा एक रुपयाही सुटणार नाही. उलट वाचकाला थेट २७० रुपयांत प्रत पाठवली आणि टपाल व वेष्टनाला ४० रुपये धरले, तर १२० रुपये उरतात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, तेवढी कटकट कमी. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली असून तिचे सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असे जाहीर झाले होते. तुमच्या पुस्तकाचे वजन करून टपाल कार्यालयात चालू दर आणि अटी विचारून घ्या. टपालदरासारख्या बदलत्या गोष्टी एआयला विचारल्या, तर जुने आकडे ठामपणे सांगितले जाण्याचा धोका असतो. वेगवेगळ्या सवलतींना किती उरते, याचा तक्ता मात्र त्याच्याकडून जरूर करून घ्या आणि त्यातील दोन ओळी स्वतः हाताने पडताळा.

त्या संस्थेच्या बाकीच्या आश्वासनांविषयी थोडक्यात. आयएसबीएन क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था तो देते आणि पुढच्या आवृत्तीसाठी तुम्ही प्रकाशक म्हणून स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकता. शंभर पंचतारांकित अभिप्राय विकत घेणे म्हणजे समीक्षकांच्या त्या खोट्या अभिप्रायाचीच शंभर पटींनी पुनरावृत्ती. ॲमेझॉनच्या नियमांत पैसे देऊन मिळवलेले अभिप्राय चालत नाहीत, जवळच्या नातेवाइकांचेही चालत नाहीत, आणि ते उघडकीस आल्यावर काढले जातात. या संस्थेला नम्रपणे नकार द्या.

माझ्या मते तुमचा पहिला मोठा ग्राहक सार्वजनिक ग्रंथालय आहे, आणि इथे एआय तुमचे खरोखर कष्ट वाचवू शकते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे; त्याखाली शासनमान्य झालेली हजारो ग्रंथालये राज्यात असून त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. त्यांतील अ आणि ब वर्गाची ग्रंथालये पुस्तकखरेदीच्या दृष्टीने अधिक सक्षम असतात. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन जिल्ह्यातील ग्रंथालयांची यादी मागा. ही यादी एआयकडून मागू नका. तो खऱ्यासारखी दिसणारी नावे आणि पत्ते तयार करून देईल आणि तुमची पत्रे परत येतील. कार्यालयातून मिळालेली यादी त्याला देऊन तालुकावार आणि वर्गवार तक्ता करून घेणे, हे मात्र त्याचे काम.

ग्रंथपालांना पाठवायचे पत्र एका पानाचे असावे. त्यात पुस्तकाचा विषय, पाने, किंमत, ग्रंथालयाला देणार ती सवलत, बिल आणि संपर्क एवढे असले, की पुरे. ग्रंथपालाला स्तुती नको असते; आपल्याकडचा कोणता सभासद हे पुस्तक मागेल, हे त्याला जाणून घ्यायचे असते. मूळ पत्र तुम्ही लिहा, आणि महाविद्यालयासाठी, शिक्षक संघटनेसाठी, विक्रेत्यासाठी त्याची वेगवेगळी रूपे एआयकडून करून घ्या. प्रत्येक पत्र पाठवण्याआधी मोठ्याने वाचा. जिथे तुमचा आवाज अडखळेल, तिथे वाक्य बदला.

माजी विद्यार्थ्यांसाठी व्हॉट्सॲप पुरेसे आहे. त्याच्या एका प्रसारण यादीत (ब्रॉडकास्ट लिस्ट) २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केला आहे, त्यांनाच तो संदेश पोहोचतो. त्यामुळे अनोळखी क्रमांक विकत घेऊन घाऊक संदेश पाठवण्याचा कोणी सल्ला दिला, तरी तो मानू नका. विद्यार्थ्यांना तर वेगवेगळेच लिहा. ‘बाईंचे पुस्तक आले आहे’ हा निरोप तुमच्या बोटांनी टंकलेला असू द्या, कारण तिथे लोक पुस्तकाआधी तुम्हाला उत्तर देणार आहेत.

वेळापत्रकाचा विचार पुस्तकाच्या विषयाकडून करा. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात, तेव्हा वृत्तपत्रांत या विषयाला जागा मिळते. हजेरीपटावरचा एक लेख तेव्हा द्यायचा असेल, तर तो भाद्रपदातच तयार हवा. दिवाळी अंकांचे संपादक त्याहून कितीतरी आधी मजकूर ठरवतात, त्यांना पावसाळ्याच्या सुरुवातीलाच लिहा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन या दोन दिवशी शाळा-महाविद्यालये वक्ते शोधत असतात. तुम्ही चाळीस वर्षे वर्गापुढे उभ्या राहिलेल्या आहात. बोलण्याची भीती तुम्हाला नाही, आणि व्याख्यानानंतर मेजावर ठेवलेल्या प्रती ज्या वेगाने जातात, तो वेग समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीत नवख्या लेखकाला क्वचितच लाभतो. एआयकडून वर्षाचे वेळापत्रक जरूर मांडून घ्या आणि मग त्यातील निम्म्या गोष्टी खोडून टाका; त्याला तुमच्या गुडघ्यांची आणि एसटीच्या वेळांची कल्पना नाही.

ई-पुस्तकाचा विचार छापील प्रती निम्म्या झाल्यावर करावा, असे मला वाटते. ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशनाच्या सेवेत मराठी ई-पुस्तक प्रसिद्ध करता येते आणि परदेशातील मराठी वाचकाला तोच सोपा मार्ग आहे. सप्टेंबर २०२३ पासून तिथे एक विचारणा होते : पुस्तकातील मजकूर, चित्रे किंवा अनुवाद एआयने तयार केला आहे का? तुमची कादंबरी तुम्ही लिहिलेली असल्याने तिच्यापुरते उत्तर ‘नाही’ असेच आहे. मुखपृष्ठाचे चित्र एआयचे घेतलेत, तर मात्र तसे सांगावे लागेल.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यातच बरेचसे आले आहे. तक्ता, पत्राचा आराखडा, मजकुराचे लहान रूप, व्याख्यानाच्या निमंत्रणाला द्यायच्या उत्तराचा मसुदा, यांत एआयची मदत घेतली, तर त्यात अप्रामाणिक असे काही नाही. या कामांत वाचक तुमच्याकडे तुमचा अनुभव मागत नसतो. जिथे ‘मला असे वाटले’, ‘मी हे पाहिले’ असे म्हणायचे असते, म्हणजे लेखात, मुलाखतीत, वाचकाच्या पत्राला द्यायच्या उत्तरात, तिथे एकही वाक्य उसने घेऊ नका. त्या परिचारिकेच्या दोन पानी पत्राला उत्तर दिले नसेल, तर ते सर्वांत आधी आणि स्वतःच्या हाताने लिहा.

त्यानंतर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून यादी मिळवा आणि ग्रंथपालांना पाठवायचा पहिला मसुदा या सदराच्या पत्त्यावर पाठवा. तो वाचून, हवे तिथे खुणा करून मी आठवड्याभरात परत करीन.